रस्त्यातले सुरुंग आणि दुरून शोधाचा प्रश्न

लष्कराच्या किंवा पोलिसांच्या ताफ्याच्या वाटेत पेरलेले स्फोटक ताफा तिथे पोहोचण्याआधीच, आणि शोधणारा माणूस स्फोटाच्या टप्प्याबाहेर असतानाच ओळखता येईल का, हा प्रश्न इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांमुळे जगभरच्या प्रयोगशाळांपुढे आला. आपल्याकडे गडचिरोली आणि बस्तरच्या रस्त्यांवर तो त्याआधीपासूनच होता. त्यावर झालेला खर्च अब्जावधी डॉलरांचा असला, तरी उत्तराबाबत एकमत नाही. प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे, वाहने बांधणाऱ्यांचा आहे की गुप्तवार्तेचा, याविषयीच मतभेद आहेत.

शब्द आणि व्याख्या

मराठी वृत्तपत्रे अशा प्रत्येक घटनेला 'भूसुरुंगस्फोट' म्हणतात. किल्ल्याचा तट उडवण्यापासून विहिरीचा कातळ फोडण्यापर्यंत सुरुंग लावणे हा शब्दप्रयोग आपल्या परिचयाचा असल्यामुळे हे नाव सहज रुळले. पण त्यात दोन निराळ्या वस्तू एकत्र येतात. कारखान्यात ठरावीक नमुन्यानुसार तयार झालेला लष्करी सुरुंग ही एक, आणि हाती लागेल त्या साहित्यातून जागच्या जागी बनवलेले स्फोटक, ज्याला सुरक्षा दले 'आयईडी' म्हणतात, ही दुसरी. पहिल्याचा आकार, धातू आणि दारू माहीत असते, त्यामुळे शोधयंत्राला काय शोधायचे हे सांगता येते. दुसऱ्याला ठरावीक रूप नसते, आणि पुढच्या बहुतेक अडचणी या एका फरकातून निघतात.

'दुरून' या शब्दाचेही दोन अर्थ होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात दुरून शोधाची कसोटी अशी मांडली होती, की उपकरण चालवणारी माणसे आणि जपायची मालमत्ता ही दोन्ही संभाव्य स्फोटाच्या गंभीर हानीच्या कक्षेबाहेर असली पाहिजेत. या कसोटीत उपकरण स्वतः स्फोटकाजवळ गेले तरी चालते. यंत्रमानव पुढे पाठवून माणूस मागे थांबला, तरी ती पुरी होते. माणूस आणि उपकरण दोघेही लांब राहून केवळ किरण किंवा लहरी पाठवून छडा लावणे हे वेगळे आणि कितीतरी कठीण काम आहे. या लेखात पहिल्याला 'दूरनियंत्रित शोध' आणि दुसऱ्याला 'दुरून शोध' म्हटले आहे. चर्चेत या दोहोंची सरमिसळ झाली, की यश आहे त्यापेक्षा मोठे वाटू लागते.

पार्श्वभूमी

जमिनीतला सुरुंग यंत्राने शोधण्याची परंपरा दुसऱ्या महायुद्धातली आहे. पोलंडचे अभियंता युझेफ कोसात्स्की यांनी ब्रिटनमध्ये असताना तयार केलेला, हातात धरून चालवायचा धातुशोधक १९४२ मध्ये अल अलामीनच्या लढाईत वापरला गेला, आणि त्याच तत्त्वावरची साधने आजही बॉम्बशोधक पथकांच्या हाती दिसतात. पुढे दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशियातील संघर्षांत वेगळाच विचार पुढे आला. सुरुंग सापडेलच असे नसेल, तर वाहनाचा तळ इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा निमुळता करून स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना वळवावा, या विचारातून 'कॅस्पिर'सारखी वाहने तयार झाली. शोधावे की सोसावे, हा पर्याय तेव्हापासून या क्षेत्रासोबत आहे.

इराकमध्ये २००३ नंतर रस्त्याकडेची स्फोटके हेच अमेरिकी सैन्याच्या जीवितहानीचे मुख्य कारण ठरले. तिथे आणि अफगाणिस्तानात शत्रूच्या कारवायांत पडलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे निम्मे अशा स्फोटांचे बळी होते. मध्यपूर्वेतील सेनाप्रमुख जनरल जॉन अबिझैद यांनी २००४ मध्ये अणुबॉम्ब बनवणाऱ्या मॅनहॅटन प्रकल्पाच्या तोडीचा प्रयत्न व्हावा अशी मागणी केली, आणि २००६ मध्ये या कामासाठी 'जायडो' ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. अणुबॉम्बाशी केलेली ही तुलना मुळातच फसवी होती. अणुबॉम्ब घडवणाऱ्या लॉस अलामॉसच्या वैज्ञानिकांपुढे निसर्गाचे न बदलणारे नियम होते. इथे समोर माणूस होता, आणि तो प्रत्येक उपायानंतर आपली पद्धत बदलत होता.

शोधाच्या वाटा

स्फोटक ओळखायचे म्हणजे तीनपैकी एका गोष्टीचा माग काढायचा: त्याच्या रसायनाचा, त्याच्या वस्तुमानाचा, किंवा ते पेरताना जमिनीत झालेल्या बदलाचा.

रसायनाची वाट सर्वांत खात्रीची. तिची अडचण आकड्यांतच दिसते. सामान्य तापमानाला टीएनटीची वाफ हवेच्या अब्ज रेणूंमागे जेमतेम दहाच्या आसपास असते, आणि आरडीएक्सची तर लाख कोटी रेणूंमागे पाच-सहा. हे प्रमाण स्फोटकाला अगदी लागून असलेल्या हवेतले आहे. वेष्टन, माती आणि वारा यांतून जाताना ते आणखी घटते, म्हणून दहा मीटरवरून वास घेणारे यंत्र ही आजही कल्पनाच आहे. आयआयटी मुंबईतील संशोधनातून पुढे आलेला आणि २०२१ मध्ये सादर झालेला 'नॅनोस्निफर' काही सेकंदांत स्फोटकाचा अंश ओळखतो, पण त्यासाठी संशयित वस्तूवरून पुसून घेतलेला नमुना त्याच्यात घालावा लागतो. विमानतळावर हे साधन कामाचे आहे. धावत्या ताफ्यासाठी ते बनलेलेच नाही.

रसायन प्रकाशानेही ओळखता येते. पदार्थावर लेसरचा झोत टाकला असता परतणाऱ्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश रंग बदलून येतो, आणि हा बदल प्रत्येक पदार्थाच्या बोटांच्या ठशासारखा असतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधलेला हा परिणाम आज या क्षेत्राचा एक आधारस्तंभ आहे. पुण्यातील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून विकसित केलेले 'रायडर-एक्स' हे उपकरण २०२१ मध्ये पुण्यातल्या कार्यशाळेत सादर झाले, तेव्हा दोन मीटरवरून वीस प्रकारची स्फोटके ओळखण्याची त्याची क्षमता सांगण्यात आली. टेबलावर ठेवलेल्या भुकटीसाठी दोन मीटर हे मोठे यश आहे. ताफ्याच्या दृष्टीने ते वाहनाच्या बंपरइतकेच अंतर झाले. दुसरी पद्धत तीव्र लेसरने पदार्थाचा कण पेटवून त्याच्या ठिणगीतली मूलद्रव्ये वाचण्याची. मंगळावरची 'क्युरिऑसिटी' गाडी हेच तंत्र सात मीटरपर्यंतच्या खडकांवर वापरते. पृथ्वीवर मात्र हवेतच नायट्रोजन आणि ऑक्सिजन भरलेले असल्यामुळे, स्फोटकाची ओळख पटवणारी हीच दोन मूलद्रव्ये गोंधळ उडवतात. शिवाय प्रकाश मातीखाली जात नाही, त्यामुळे या दोन्ही पद्धतींना पृष्ठभागावर सांडलेला किंवा चिकटलेला अंशच दिसतो.

वस्तुमानाचा माग काढणाऱ्या पद्धती मातीतून आत जातात. न्यूट्रॉनांचा मारा केला की नायट्रोजनच्या अणुगर्भातून विशिष्ट ऊर्जेचे गॅमा किरण निघतात. कॅनडाच्या सैन्याने आपल्या सुरुंगशोधक वाहनसमूहात या तत्त्वाचा वापर केला, पण आधीच्या उपकरणांनी संशय व्यक्त केलेली जागा थांबून पडताळण्यापुरताच. थांबावे का लागते, याचे उत्तर साध्या भूमितीत आहे. जाणारे न्यूट्रॉन आणि परतणारे किरण दोन्ही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जातात, म्हणून अंतर दुप्पट केले की संकेत सोळाव्या हिश्श्यावर येतो. नायट्रोजनच्या अणुगर्भाचा रेडिओ लहरींना मिळणारा प्रतिसाद ऐकण्याची 'चतुर्ध्रुवी अनुनाद' ही पद्धत आरडीएक्सच्या बाबतीत फार नेमकी आहे, पण तिचाही पल्ला वीतभर ते हातभर.

तिसरी वाट जमिनीची, आणि ताफ्यांच्या प्रत्यक्ष वापरात तीच सर्वांत पुढे गेली. भूभेदी रडार मातीत लहरी सोडते आणि मातीहून वेगळ्या विद्युत् गुणधर्मांची वस्तू आली की परतीच्या लहरींत ती उमटते. मूळ दक्षिण आफ्रिकेच्या 'हस्की' वाहनाखाली अशा रडारच्या पट्ट्या बसवून अमेरिकी पथकांनी ते अफगाणिस्तानात चालवले. यात उपकरण स्फोटकाच्या थेट वर येते. वाहन हलके आणि तुटून पुन्हा जोडता येणारे असल्यामुळेच हे परवडते. रडार पुढे रोखून दहा-वीस मीटरवरची जमीन पाहण्याचे प्रयोगही झाले, परंतु तिरक्या कोनातून येणारी बहुतेक ऊर्जा जमिनीवरून घसरून पुढे निघून जाते, आणि दगड, गवत, चाकोऱ्या यांचेच प्रतिध्वनी जास्त परततात. ओल्या चिकणमातीत तर लहरी लवकर शोषल्या जातात. ज्या प्रदेशात वर्षातले चार महिने पाऊस असतो, तिथे वाळवंटात घेतलेल्या चाचण्यांचे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, ही बाब भारतीय खरेदीच्या संदर्भात जितकी ठळकपणे मांडली जायला हवी तितकी जात नाही.

आकाशातूनही जमीन पाहता येते. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या 'कॉपरहेड' या रडारने मानवरहित विमानांतून एकाच रस्त्याच्या वेगवेगळ्या वेळच्या प्रतिमा घेऊन, त्यांच्यातील सूक्ष्म फरकावरून ताजी उकरलेली माती दाखवली. २००९ पासून ते अफगाणिस्तानात वापरात होते. खऱ्या अर्थाने दुरून म्हणावी अशी ही पद्धत आहे. ती स्फोटक दाखवत नाही, बदल दाखवते. आणि जुनी प्रतिमा घेण्याआधीच जे पुरले गेले, ते तिला दिसत नाही.

खोट्या इशाऱ्यांचा हिशेब

कोणत्याही उपकरणाविषयी 'किती टक्के शोधते' हा पहिला प्रश्न विचारला जातो. ताफ्याच्या प्रमुखाला मात्र ते विनाकारण किती वेळा थांबवते, हे आधी कळायला हवे असते. चाळीस किलोमीटरच्या रस्त्यावर एखाद्या उपकरणाने दर शंभर मीटरला एक खोटा इशारा दिला, तर चारशे थांबे होतात. प्रत्येक जागा तपासायला दहा मिनिटे धरली तरी सहासष्ट तासांहून अधिक वेळ जातो, आणि तेवढा वेळ ताफा उघड्यावर उभा राहतो. खोटे इशारे किलोमीटरमागे एकावर आणले तरी सुमारे पावणेसात तास लागतात. या चाळीस किलोमीटरांत खरे स्फोटक बहुतेक दिवशी एकही नसते, त्यामुळे उपकरण चालवणाऱ्याचा अनुभव 'हे नेहमी उगाच वाजते' असाच बनत जातो, आणि ज्या दिवशी ते खरे वाजते, त्या दिवशी त्याच्याकडे दुर्लक्ष होण्याचा धोका वाढतो. उपकरणाची संवेदनशीलता घटवावी, तर खरे स्फोटक हुकते. अंतर, वेग आणि खात्री या तिन्ही गोष्टी एकाच वेळी देणारे तंत्र आजवर पुढे आलेले नाही; आजच्या सगळ्या भूमिका यांपैकी काय सोडायचे याविषयीच्या आहेत.

मागणी एवढी तीव्र आणि शास्त्र एवढे अपुरे असताना तोतया उपकरणांचा बाजार बहरला, यात नवल नाही. 'एडीई ६५१' नावाची, आत कोणताही कार्यरत भाग नसलेली, मुठीवर अँटेना फिरणारी काडी इराकी सुरक्षा दलांनी मोठ्या संख्येने विकत घेऊन तपासणी नाक्यांवर वापरली. तिचा विक्रेता जेम्स मॅककॉर्मिक याला २०१३ मध्ये ब्रिटिश न्यायालयाने दहा वर्षांचा तुरुंगवास दिला. 'जीटी २००' या तशाच साधनाची थायलंड सरकारने २०१० मध्ये चाचणी घेतली, तेव्हा त्याने वीसपैकी चारच वेळा बरोबर जागा दाखवली. चार डब्यांतून डोळे मिटून एक निवडला, तरी याहून वाईट निकाल लागला नसता. ही उपकरणे खेड्यात पाणाड्याच्या हाती दिसणाऱ्या काडीच्याच जातीची होती. फरक एवढाच, की विहीर कोरडी निघाली तर माणूस मरत नाही.

भूमिका

पहिली भूमिका तंत्रावर विश्वास ठेवणाऱ्यांची. कोणतेही एक उपकरण पुरे पडणार नाही हे त्यांना मान्य आहे; पण रडार, उष्णतेच्या प्रतिमा, धातुशोधक आणि हवाई निरीक्षण यांचे संकेत संगणकाने एकत्र वाचले, तर एकाचा खोटा इशारा दुसरा खोडून काढील, असे ते म्हणतात. यंत्र-शिक्षणामुळे या युक्तिवादाला नवे बळ मिळाले आहे. आक्षेप असा, की यंत्राला शिकवण्यासाठी खऱ्या उदाहरणांचा साठा लागतो, आणि ज्याचे रूप दर महिन्याला बदलते त्याचा साठा नेहमी मागचा असतो.

दुसरी भूमिका वाहनाचे कवच मजबूत करण्याची. अमेरिकेचे तत्कालीन संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी २००७ मध्ये सुरुंगरोधक वाहनांना सर्वोच्च प्राधान्य दिले, आणि वीस हजारांहून अधिक वाहनांवर चाळीस अब्ज डॉलरांपेक्षा जास्त खर्च झाला. या वाहनांनी अनेकांचे प्राण वाचवले असे अमेरिकी संरक्षण खात्याचे म्हणणे आहे. रोल्फ्स आणि सलिव्हन या अभ्यासकांनी मात्र २०१२ मध्ये, त्यांच्याहून कितीतरी स्वस्त अशा मध्यम चिलखती वाहनांच्या तुलनेत फारसा लाभ दिसत नाही असा निष्कर्ष मांडला. वाद मिटलेला नाही. भारतातला अनुभवही कवचाच्या मर्यादा दाखवतो: २००५ मध्ये छत्तीसगडच्या विजापूर भागातील पडेडा येथे आणि मार्च २०१८ मध्ये सुकमा जिल्ह्यातील किस्टाराम येथे सुरुंगरोधक वाहनेच उडवली गेली. किस्टारामला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे नऊ जवान गेले.

तिसरी भूमिका स्फोटकाआधी ते पेरणाऱ्याला गाठण्याची. पैसा, दारू, बनवणारा कारागीर आणि पेरणारा हात या साखळीची एखादी कडी तोडली, तर रस्त्यावर शोधण्यासारखे काही उरणार नाही, असा हा विचार आहे. २००७ नंतर अमेरिकी धोरणात त्याला वाढते स्थान मिळाले. तो तर्काला धरून आहे, पण सगळी मदार माणसांकडून येणाऱ्या माहितीवर ठेवतो. जिथे पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून माओवाद्यांनी गावकऱ्यांच्या हत्या केल्या, तिथे त्या माहितीची किंमत कोण चुकवतो, हे या भूमिकेच्या हिशेबात क्वचितच धरले जाते.

चौथी भूमिका सर्वांत कमी झगमगाटाची: कुत्रा, सरावलेला डोळा आणि पायी चाल. 'जायडो'चे तत्कालीन प्रमुख लेफ्टनंट जनरल मायकल ओट्स यांनीच २०१० मध्ये सांगितले, की उपकरणांच्या आधारे सुमारे निम्मी स्फोटके सापडतात, तर श्वान, त्याचा हाताळणारा आणि स्थानिकांची माहिती सोबत घेऊन पायी निघालेल्या गस्तीला ऐंशी टक्क्यांपर्यंत. हे आकडे सावधपणे वाचायला हवेत, कारण न सापडलेली आणि न फुटलेली स्फोटके कोणत्याच मोजणीत येत नाहीत. तरीही एवढ्या खर्चानंतर खुद्द त्या संस्थेच्या प्रमुखाने हे सांगावे, याचे महत्त्व कमी होत नाही. या भूमिकेची मर्यादा उघड आहे. इथे माणूस लांब नसतो, आणि ताफ्याचा जीव वाचतो तो पुढे चालणाऱ्याचा जीव पणाला लावून.

गडचिरोली आणि बस्तर

या चौथ्या भूमिकेचे रोजचे रूप आपल्याकडे 'आरओपी', म्हणजे रस्ता खुला करणारी तुकडी. जवान डांबरी रस्ता सोडून दोन्ही अंगांनी झाडीतून चालतात, मोरीच्या तोंडाशी वाकून पाहतात, उकरलेली माती किंवा तारेचा तुकडा दिसतो का ते न्याहाळतात, आणि मधोमध धातुशोधक घेतलेला जवान व श्वान पुढे सरकत राहतात. वेग माणसाच्या चालीहूनही कमी. दूरनियंत्रित साधनेही आहेत: पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेत घडलेला 'दक्ष' हा यंत्रमानव सुमारे पाचशे मीटरवरून चालवता येतो, आणि २०११ पासून तो सैन्याकडे आहे. मात्र तो सापडलेल्या संशयित वस्तूजवळ जाण्यासाठी आहे, मैलोन्‌मैल रस्ता धुंडाळण्यासाठी नाही.

या व्यवस्थेची कसोटी घाईच्या वेळी लागते. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेडा येथे झालेल्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे पंधरा पोलीस आणि खासगी वाहनाचा चालक ठार झाले. आदल्या रात्री दादापूरजवळ रस्त्याच्या कामावरची वाहने जाळण्यात आली होती, आणि पथक त्याच बाजूला निघाले होते. इथे उपकरण होते की नव्हते हा प्रश्न दुय्यम ठरतो, कारण माणसांना तातडीने वाहनात बसून निघायला लावणारी परिस्थितीच आधी निर्माण झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये विजापूर जिल्ह्यातील आंबेली येथे जिल्हा राखीव दलाचे आठ जवान आणि चालक मारले गेले, तेव्हा ते स्फोटक बऱ्याच आधी पुरलेले असावे असा पोलिसांचा प्राथमिक अंदाज होता. तसे असेल, तर उकरलेल्या ताज्या मातीवर विसंबणाऱ्या सगळ्याच पद्धती, उपकरणांच्या आणि डोळ्यांच्याही, तिथे निरुपयोगी होत्या. पक्के रस्ते झाले की पेरणे अवघड होते, हा युक्तिवाद बऱ्याच अंशी खरा असला तरी अशा जुन्या स्फोटकांपुढे तोही अडखळतो.

काय अनिर्णित आहे

सर्वांत मोठी उणीव मोजमापाची आहे. अमेरिकेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 'जायडो'च्या उपक्रमांची परिणामकारकता ठरवण्यासाठी पुरेशी माहिती गोळा होत नसल्याचे वारंवार नोंदवले. भारतात अशा उपकरणांच्या चाचण्यांचे तपशील सहसा प्रसिद्धच होत नाहीत. गुप्ततेमागे सबळ कारण आहे, कारण उपकरणाची मर्यादा जाहीर करणे म्हणजे पेरणाऱ्याला ती सांगणे. पण त्याच गुप्ततेच्या आडोशाने तोतया काड्याही विकल्या गेल्या. मर्यादा उघड न करता स्वतंत्र तपासणी कशी घडवावी, याचे समाधानकारक उत्तर कुठल्याच देशाकडे दिसत नाही.

दुसरा प्रश्न धोका ओसरू लागल्यावर उभा राहतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. ताफ्यांवरचे हल्ले यापुढे घटतील असे मानले, तरी पुरलेली स्फोटके माणसांबरोबर शरण येत नाहीत, आणि ती पेरणाऱ्यांपैकी अनेक आज हयातही नाहीत. मानवतावादी सुरुंगनिर्मूलनात ९९.६ टक्के सफाईचा दंडक संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांत धरला गेला. ताफ्याच्या शोधात असा दंडक कधी नव्हताच, कारण तिथे ठरलेली वेळ गाठायची असते. आता वेळेची अट सैल होईल आणि खात्रीची कडक, कारण या वाटांवरून जाणार आहेत ती उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचायला आणि तेंदूपाने तोडायला निघालेली, पायात साध्या चपला असलेली माणसे.